तुरुंगातील वर्ग आणि त्यातील व्यत्यय



तास चालू असता दारात शिपाई येऊन उभा राहिला, किंवा मैदानावर कवायतीचा गलका झाला, की तुमचे लक्ष क्षणात उडते आणि गुरुजींच्या कपाळाला आठी पडते. तरी शाळा हे शिकण्यासाठीच बांधलेले घर होय. ज्या घराची भिंत, कुलूप, घंटा व पहारा ही सर्व निराळ्याच हेतूने उभारलेली आहेत, तेथे जाऊन कोणी वर्ग चालवू म्हणेल, तर त्यास किती व्यत्यय सोसावे लागतील याची कल्पना करून पाहा. बंदिवानास भेटावयास जाणे ही प्रभूचीच भेट होय, असे मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात शिकविले आहे. आणि पुष्कळ मंडळ्यांतील माणसे हे काम विनावेतन करीत आली आहेत. या सेवेची थोरवी आपण उपदेशांतून ऐकतोच. ती प्रत्यक्षात कोठे अडते, आणि अडल्यावर पुन्हा कशी चालू करावयाची, एवढाच भाग आपणांस या पाठात पाहावयाचा आहे. त्यासाठी लंडन शहरातील न्यूगेट या तुरुंगाचे उदाहरण घेऊ. कारण तेथील हकीकत तपशीलवार लिहून ठेवलेली आहे, आणि तीत बहुतेक सर्व प्रकारचे व्यत्यय आढळतात.

न्यूगेटची शाळा

एलिझाबेथ फ्राय ही बाई १७८० साली इंग्लंडातील नॉरिच शहरी एका सधन घराण्यात जन्मली. ती क्वेकर पंथाची होती. १८१३ च्या आरंभी, स्टीफन ग्रेलेट नावाच्या त्याच पंथाच्या उपदेशकाने न्यूगेटमधील स्त्रियांची दैना तिच्या कानावर घातली, तेव्हा ती प्रथम त्या तुरुंगात गेली. तेथे दोन मोठ्या खोल्या व दोन कोठड्या एवढ्या जागेत सुमारे ३०० स्त्रिया आपल्या मुलांबाळांसह कोंडलेल्या होत्या. शिक्षा झालेल्या व न झालेल्या अशा सर्व एकत्र. निजणे, स्वयंपाक, धुणे, सर्व तेथेच. आणि देखरेखीस एक पुरुष व त्याचा मुलगा एवढेच. कपडे वाटून व प्रार्थना करून फ्रायबाई परत आल्या.

यानंतरचा पहिला व्यत्यय खुद्द त्यांच्या घरातूनच आला. आजारपणे, बाळंतपणे, आणि १८१५ साली अवघ्या पाच वर्षांच्या आतील एका मुलीचा मृत्यू, यांत जवळजवळ चार वर्षे गेली. १८१६ च्या अखेरीस त्या पुन्हा न्यूगेटच्या दाराशी उभ्या राहिल्या, तेव्हा मधल्या काळाची सबब सांगत बसल्या नाहीत. त्यांनी त्या दिवशी बंदिवान स्त्रियांस द्राक्षमळ्यातील मजुरांचा दाखला वाचून दाखविला. दिवस मावळता मावळता कामास लागलेल्या मजुरासही पूर्ण मजुरी मिळाली, अशी ती गोष्ट आहे. ऐकणाऱ्यांपैकी कित्येकींस आपली वेळ कायमची टळली असे वाटत होते. त्यांस हा दाखला नेमका लागू पडला.

पुढे १८१७ च्या आरंभी मुलांसाठी शाळा काढण्याचे ठरले. बंदिवान मातांस ही कल्पना फार आवडली, आणि त्यांनी आपल्यांतीलच मेरी कॉनर या तरुणीस शिक्षिका म्हणून निवडले. ती घड्याळ चोरल्याच्या आरोपावरून आत आली होती. एका रिकाम्या कोठडीत वर्ग भरला. पहिल्याच दिवशी असे झाले की, मोठ्या स्त्रियांनी दाराशी एकच गर्दी केली. पुढे येण्यासाठी धक्काबुक्की, आरडाओरड व भीक मागणे सुरू झाले. पाहुण्यांपैकी एका बाईस तर आपण हिंस्र पशूंच्या गुहेत शिरत आहोत असे वाटले.

येथे थांबून विचार करा. असा गोंगाट उठला असता सामान्य मनुष्य दोनांपैकी एक करतो: आपला आवाज चढवितो, अथवा शिपायास हाक मारतो. फ्रायबाईंनी दोन्ही केले नाही. दाराशी आरडणाऱ्या या बायांस नेमके काय हवे आहे, हे त्यांनी विचारून घेतले. तेव्हा असे दिसून आले की, त्यांतील कित्येकींस स्वतःलाच शिकावयाचे होते. त्यांस दिवसभर हातास काम नव्हते आणि मनास विषय नव्हता. वर्ग मोडू पाहणारा तो गलका वस्तुतः वर्गात प्रवेश मिळावा म्हणून केलेला अर्ज होता. फक्त अर्ज करण्याची सभ्य रीत त्यांस कोणी शिकविली नव्हती.

नियम कोणी करावयाचे?

मोठ्या स्त्रियांसाठी शिवणकामाचा व वाचनाचा वर्ग काढावा असे फ्रायबाईंनी सुचविले, तेव्हा अधिकाऱ्यांस ते पटले नाही. दिलेले कापड व सुया चोरीस जातील आणि या बाया कोणाचेच ऐकणार नाहीत, असे त्यांचे म्हणणे. ही शंका दुष्टपणाची नव्हती. दंगा झाला तर जबाबदारी त्यांच्या माथी येणार होती. म्हणून फ्रायबाईंनी वाद न घालता प्रयोगापुरती सवड मागितली. १८१७ च्या एप्रिल महिन्यात बारा बायांनी एक मंडळ स्थापन केले आणि पाळीपाळीने रोज तुरुंगात जाण्याचा निश्चय केला.

मग बंदिवान स्त्रियांस एकत्र बसवून एकेक नियम मोठ्याने वाचण्यात आला, आणि तो मान्य आहे की नाही हे हात वर करून सांगण्यास प्रत्येकीस सांगण्यात आले. शिव्या, भांडणे, जुगार, भीक मागणे बंद. बारांपेक्षा अधिक नाहीत अशा तुकड्या. प्रत्येक तुकडीवर त्यांनीच निवडलेली एक प्रमुख. सकाळी नऊ वाजता घंटा झाली की सर्वांनी कामाच्या खोलीत जमावयाचे व शास्त्रवाचन ऐकावयाचे. सायंकाळी सहा वाजता पुन्हा तसेच. जिला जन्मभर कोणी मत विचारले नव्हते अशा स्त्रीने त्या दिवशी मत दिले. पुढे नियम मोडला गेला तर तिने परक्या बाईचा हुकूम मोडला असे होईना. तिने स्वतः वर केलेला हात खाली घेतला असे होई.

या नियमांतील एक कलम मला विशेष मननीय वाटते. तुरुंगात नातलग भेटावयास येत, ते गजांच्या जाळीपलीकडे उभे राहत. कोणाचे तरी नाव पुकारले की ती बाई हातातील काम टाकून धावे. तिच्यामागे, आपलेही कोणी आले असेल या आशेने, आणखी दहाजणी धावत. आणि वर्ग रिकामा होई. या गोष्टीवर बंदी घालणे सोपे होते. परंतु ज्या स्त्रीची म्हातारी आई कित्येक मैल पायपीट करून आली आहे, तिला धडा संपेपर्यंत थांब असे सांगणे म्हणजे धड्याचाच घात होय. म्हणून मंडळाने बंदिवानांतूनच एक ‘अंगणराखीण’ नेमली. ज्या बाईचे माणूस आले असेल तिलाच तिने येऊन सांगावयाचे. त्या बाईने आपले काम तुकडीच्या प्रमुखाच्या हाती देऊन जाळीपाशी जावयाचे. आपल्या माणसाशी बोलणे झाले की तेथे उगाच न रेंगाळता परत यावयाचे.

पाहा, या एका कलमात किती शहाणपण साठविले आहे. व्यत्यय येणार हे आधीच गृहीत धरले. त्यास दार ठेवले, आणि दारावर माणूस बसविले. जाणारीने काम कोणाच्या हाती द्यावयाचे हे ठरले, म्हणून सूत हरवले नाही की कापड नाहीसे झाले नाही. उरलेल्या अकराजणींचा धडाही चालू राहिला. जे आपणांस टाळता येत नाही त्याची व्यवस्था लावणे, ही तुरुंगातील शिक्षकाची पहिली विद्या होय.

भांडण, जुगार आणि दंगा

नियम झाले म्हणून स्वभाव लगेच बदलतात असे नाही. पुढे एकदा असे कानी आले की, आत पुन्हा पत्ते खेळले जातात. झडती घेवविणे शक्य होते. फ्रायबाई एकट्याच गेल्या, पत्त्यांपासून काय अनर्थ होतात ते बोलल्या, आणि ज्यांच्याजवळ पत्ते असतील त्यांनी ते आपण होऊन आणून दिले तर आपणांस आनंद होईल एवढेच सांगून बाहेर येऊन बसल्या. थोड्या वेळाने दारावर हळूच टकटक झाली. एक बाई कापत कापत आत आली व तिने पत्ते पुढे ठेवले. मग दुसरी, मग तिसरी, असे पाच जोड जमले व ते जाळण्यात आले. पुढे आठवण म्हणून त्यांस मलमलीचा रुमाल देण्यात आला, तेव्हा पहिली बाई जरा खट्टू झाली. तिला आपले नाव लिहिलेले पवित्र शास्त्र मिळेल अशी आशा होती.

सर्वांत मोठा दंगा होई तो हद्दपारीच्या आदल्या रात्री. त्या काळी पुष्कळ स्त्रियांस गलबतावर घालून दूर ऑस्ट्रेलियात पाठविण्याची शिक्षा होत असे. देश, माणसे व कित्येकदा पोटची मुले कायमची सुटणार, या दुःखाने व भयाने त्या रात्री स्त्रिया खिडक्या फोडीत, सामानाची मोडतोड करीत. दुसऱ्या दिवशी त्यांस उघड्या गाड्यांत घालून नेत आणि रस्त्यांत जमाव त्यांजवर चिखल फेकी. असा दंगा म्हणजे बंदिवानांचा हटवाईपणा, असे अधिकारी समजत. फ्रायबाईंनी तो होण्याचे कारण शोधले. १८१८ साली त्यांनी अधिकाऱ्यांकडून बंद गाड्यांची कबुली घेतली, स्त्रियांस ती आधी कळविली, सायंकाळी त्यांच्यापाशी बसून राहिल्या, आणि सकाळी बंदरापर्यंत सोबत गेल्या. मिरवणुकीची नाचक्की टळणार हे कळताच रात्र शांतपणे गेली. पुढील वर्षांत प्रवासास निघणाऱ्या प्रत्येकीस सुया, दोरा व कापडाचे तुकडे असलेली पिशवी देण्याची चाल पडली. त्यामुळे समुद्रावरील लांबलचक दिवसांतही हातास काम राहिले.

या दोन प्रसंगांत उपाय निराळे आहेत. पत्त्यांच्या बाबतीत बंदिवानांच्या मनास हाक मारली. दंग्याच्या बाबतीत त्यांच्यावर होणारा अन्याय दूर केला. व्यत्यय कोणत्या जातीचा आहे हे ओळखल्यावाचून उपाय योजणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे होय. दंगा करणाऱ्यांस त्या रात्री केवळ उपदेश केला असता तर तो कोणाच्याही गळी उतरला नसता.

जो व्यत्यय दूर करता येत नाही

त्या काळच्या इंग्लंडात खोट्या नोटा चालविण्याच्या अपराधासही फाशी होती. हॅरिएट स्केल्टन ही बाई अशाच अपराधासाठी न्यूगेटमध्ये होती. तिच्यासाठी फ्रायबाईंनी फार खटपट केली, वरिष्ठांच्या भेटी घेतल्या, आणि त्यांत गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांची गैरमर्जी ओढवून घेतली. काही उपयोग झाला नाही. १८१८ च्या एप्रिलमध्ये तिला फाशी देण्यात आले.

मुलांनो, ज्या तुकडीत काल बाराजणी होत्या तेथे आज अकरा आहेत, आणि बारावी कोठे गेली हे सर्वांस ठाऊक आहे, अशा खोलीत सकाळी नऊची घंटा होते. तेथे शिक्षकाने काय करावे? यास कोणतीही युक्ती नाही. फ्रायबाई व त्यांच्या मैत्रिणी ठरल्या वेळी आल्या, एवढेच सांगता येते. क्वेकर लोकांत वाचनानंतर काही वेळ निःशब्द बसण्याची रीत आहे. ती न्यूगेटमध्येही पाळली जाई. ज्या दुःखापुढे शब्द पुरत नाहीत तेथे असे मौन हाही धडाच होय. त्याच वर्षी फ्रायबाईंनी पार्लमेंटच्या समितीपुढे साक्ष दिली. खोलीतील दुःख खोलीत निभावून नेणे, आणि त्याचे मूळ जेथे आहे तेथे जाऊन बोलणे, ही दोन्ही कामे त्यांनी एकमेकांत मिसळू दिली नाहीत. पुढे १८२३ च्या कायद्याने स्त्री-कैद्यांवर स्त्रियांचीच देखरेख असावी असे ठरले.

पाहुणा हाच व्यत्यय

फ्रायबाईंचे नाव झाले, तसे त्यांचे वाचन ऐकण्यास बडे लोक येऊ लागले. बंदिवान स्त्रिया बाकावर आणि समोर उंची वस्त्रांतील प्रेक्षक, असा देखावा होऊ लागला. १८३६ साली सरकारी तपासनिसांनी या गर्दीवर टीका केली, आणि ती अगदीच अनाठायी नव्हती. सेवेस जाणाऱ्यांनी हे ध्यानात धरावे की, तुरुंगाच्या दिनक्रमात आपण स्वतःच बाहेरून आलेला व्यत्यय आहो. पहारेकऱ्यास आपल्यासाठी दार उघडावे लागते, हजेरी मागेपुढे करावी लागते. म्हणून वेळेवर जावे, घंटा होताच वाक्य अर्धे असले तरी उठावे, आणि आपल्यासोबत केवळ पाहण्यासाठी कोणास नेऊ नये.

याच्या उलट उदाहरण सेरा मार्टिनचे. ही इंग्लंडातील यारमथ गावाजवळची एक गरीब शिंपीण. १८१९ साली तिने तेथील तुरुंगात जाण्याची परवानगी मागितली, तेव्हा प्रथम तिला वाटेला लावण्यात आले. ती रागावली नाही व तिने गाजावाजाही केला नाही; पुन्हा जाऊन मागितली, आणि ती मिळाली. पुढे शिवणाची एका दिवसाची मजुरी सोडून आठवड्यातील तो दिवस ती कैद्यांस लिहावाचावयास शिकवी. १८४३ साली मरण पावेपर्यंत तिने हे काम सोडले नाही.

फिलिप्पै येथील मध्यरात्र

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथाच्या सोळाव्या अध्यायात पौल व सीला यांची गोष्ट आहे. फटके खाऊन, पाय खोड्यांत अडकलेले, असे ते मध्यरात्री गात होते व इतर बंदिवान ऐकत होते. इतक्यात भूमिकंप होऊन दारे उघडली. याहून मोठा व्यत्यय कोणता? कैदी पळाले असे समजून बंदिशाळेचा नायक तलवार उपसून जीव देण्यास सिद्ध झाला. त्या क्षणी पौलाने उघड्या दाराकडे पाहिले नाही. त्याचे लक्ष त्या भ्यालेल्या माणसाकडे गेले, आणि आम्ही सर्व येथेच आहो असे त्याने मोठ्याने ओरडून सांगितले. गायन थांबले खरे, परंतु ज्या प्रीतीने गायन चालले होते तीच पुढे बोलली. गोंधळ झाला असता ‘आता माझ्या धड्याचे काय?’ असे न विचारता ‘येथे आता सर्वांत जास्त भ्यालेला कोण आहे?’ असे विचारावे. कित्येकदा तो पहारेकरीच असतो.

आपल्या देशासंबंधी

१९०४ च्या सुमारास न्यूगेट पाडून टाकण्यात आले. परंतु त्यातील धडे जुने झाले नाहीत. आपल्या देशात २०२२ च्या अखेरीस तुरुंगांत सुमारे ५ लाख ७३ हजार माणसे होती, आणि त्यांतील सुमारे तीनचतुर्थांश न्यायाधीन, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेली होती. याचा शिक्षकाच्या दृष्टीने अर्थ असा की, आज समोर बसलेला विद्यार्थी उद्या तारखेस जाईल, परवा जामिनावर सुटेल, किंवा दुसऱ्या तुरुंगात हलविला जाईल. गिनती, मुलाखत, कोर्टाची गाडी, बराकीतील तंटा, यांपैकी काही ना काही रोजच असते. म्हणून ‘उरलेले पुढच्या खेपेस’ हे शब्द तेथे फार जपून वापरावे. एका बैठकीत एकच गोष्ट सांगावी, आणि ती त्याच बैठकीत पुरी करावी. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा भावे यांनी २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी गीतेचा एकेक अध्याय सांगितला, व साने गुरुजींनी ती प्रवचने लिहून घेतली. ते दोघेही तेव्हा बंदिवान होते. एक रविवार, एक अध्याय, ही त्यांची शिस्त कोणत्याही धर्माच्या सेवकाने शिकण्याजोगी आहे.

पालकांसही एक विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी मोठेपणी अशा सेवेस जाऊ म्हणाली तर तिला भिववू नका. परंतु तयारीवाचूनही धाडू नका. भोजनाच्या वेळी दारी आलेल्या याचकाशी, अभ्यासात लुडबुड करणाऱ्या धाकट्या भावंडाशी, आजाऱ्याच्या रात्री-अपरात्री येणाऱ्या हाकेशी आपले मूल कसे वागते, तेथेच या सेवेची पहिली परीक्षा होत असते. ज्यास घरात कोणी अडविलेले खपत नाही, त्यास तुरुंगात एक तासही निभणार नाही.

मननासाठी प्रश्न

१. न्यूगेटच्या दाराशी झालेल्या गोंगाटाचे खरे कारण काय होते? ते कसे कळून आले?

२. ‘अंगणराखीण’ नेमल्याने कोणाकोणाची सोय झाली? तुमच्या वर्गात असे कोणते काम कोणास देता येईल?

३. पत्त्यांच्या व हद्दपारीच्या प्रसंगी फ्रायबाईंनी निरनिराळे उपाय का योजले?

४. तुमच्या अभ्यासात या आठवड्यात आलेले तीन व्यत यय लिहून काढा. त्यांपैकी कोणता टाळता येण्याजोगा होता, कोणत्याची व्यवस्था लावता आली असती, आणि कोणता निमूटपणे सोसावयाचा होता, ते प्रत्येकापुढे लिहा.